तीळ अजून आलेला नाही

बाहेर एप्रिल, त्रेचाळीस.
आत एसी, पण तो मशीनसाठी.
आधी त्याला थंडी वाजली, मग तो हसला.

बालराज येमूल. कागदावर अठरा पूर्ण,
आधारवर एक जानेवारी.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरतो.
केसांत सूत, भुवयांत सूत,
बारसं व्हायच्या आधीच म्हातारा झाल्यासारखा.

डावा हात ठेव. तळवा खाली. बोटं सैल.
हाताच्या फोटोला श्वास धरावा लागत नाही,
तरी सगळे धरतात. त्यानंही धरला.

पडद्यावर हात आला.
मनगटात खडे, ओढ्याच्या तळाला दिसतात तसे.
आठ असायला हवेत. मी मोजतो.
आठवा वाटाण्याएवढा,
आलाय, पण पुसट, नुकताच.
अंगठ्याच्या मुळाशी मात्र एक तीळ असतो,
मुलांना तेराव्याच्या आसपास दिसायला लागतो.
तीळ अजून आलेला नाही.
कोपराचं हाड आणि त्याचं टोक
यांच्यामध्ये काळी फट,
नुसतं लोटून घेतलेलं दार.
अठरा वर्षांच्या माणसाची कडी आतून लागलेली असते.

दात हत्तुरे मॅडमकडे.
मागची दाढ अर्धी वर,
डोक्यावर हिरडीची टोपी तशीच.
अक्कलदाढेचा जबड्यात नुसता कोंब.
पुढच्या एका दाताला खाच,
रोज दोरा तोडून तोडून पडलेली.
मॅडम टॉर्च तिरपी करतात, थांबतात.
खाचेच्या वर, दातावर, एक आडवी रेघ.
"हा तीनेक वर्षांचा असताना काय झालं होतं?"

त्याची आई भूलक्ष्मी दारापाशी उभी,
पदराला विडीच्या पानांचा वास.
जन्मसाल तिला सांगता आलं नव्हतं.
गड्ड्याच्या टायमाला झाला, एवढंच.
त्या वर्षी दारूकाम भिजलं होतं,
बाण वर गेलेच नाहीत.
पण या प्रश्नावर ती दचकली.
"तुमाला कोण सांगितलं?
भिवंडीला होतो की आम्ही. कावीळ झालं होतं ह्याला.
महिनाभर नुस्तं पेज."
मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली,
तेलुगूत, ओठ हलवत,
एका पेरावरून दोनदा मागे आली.
"भिवंडी सोडून नऊ वर्सं. नाही, दहा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

मी स्वतः एक जूनचा.
गुरुजींनी वर्गातल्या एकवीस जणांना
एकाच दिवशी जन्माला घातलं होतं,
एका बैठकीत, एका दौतीत.
त्यांच्या शाईनुसार मी येत्या एकतीस मेला निवृत्त.
एकदा दुपारी पेशंट नव्हता,
तेव्हा मी माझाच हात मशीनखाली ठेवला.
सगळं बंद, सगळं सांधलेलं.
पंचावन्न म्हणा, साठ म्हणा,
मोठ्या माणसाचं हाड कुणाच्याही बाजूनं साक्ष देतं.

मॅडमनी लिहिलं: बारा ते तेरा.
सहा महिने मागे-पुढे.
बाकावर मालकाचा माणूस, मांडीवर फाइल.
"मागं कशाला, पुढंच धरा की सर.
अजून सहा महिने टाकले की चौदा होतंय."
कारखान्यात मीटर तपासायला आलेल्या माणसाशी
असंच बोलत असावा.
मॅडमनी सही केली, शिक्का दोनदा मारला,
पहिला फिका उमटला म्हणून.

निघताना पोरगं परत आत आलं.
"सर, ते तीळ कुठं येणार?"
मी त्याचा अंगठा धरला, मुळाशी दाबून दाखवलं.
इथं.
"कधी?"
येईल. वर्षभरात. कळणार नाही तुला.

काचेतून पाहिलं तेव्हा
आई, पोलीस, बालकल्याणवाल्या बाई
लिफ्ट बंद म्हणून जिन्याकडे वळत होत्या,
आणि तो सगळ्यांच्या मागे,
उजव्या हातानं डाव्या अंगठ्याचं मूळ
दाबत, सोडत, दाबत.